हवामान बदलले, व्यवस्था कधी बदलणार?

सातारा-सांगलीच्या शेतीपुढील प्रश्न

ऑगस्ट २०१९च्या पहिल्या पंधरवड्यात सांगली जिल्ह्यात एकाच वेळी दोन प्रकारच्या छावण्या चालू होत्या. कृष्णाकाठच्या गावांतून बाहेर काढलेली माणसे शाळा आणि मंगल कार्यालयांतील पूरग्रस्तांच्या छावण्यांत दिवस कंठत होती. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. तेथे पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडू पाहणाऱ्या ग्रामस्थांची बोट उलटून अनेकांना जलसमाधी मिळाली. आणि तेथून शंभर किलोमीटरच्या आत, त्याच जिल्ह्यातील आटपाडी व जत तालुक्यांत आणि शेजारच्या माण तालुक्यात, पावसाअभावी चारा नाही म्हणून शेतकऱ्यांची जनावरे चारा छावण्यांत बांधलेली होती.

महापूर आणि दुष्काळ ही दोन संकटे आपण आजवर दोन निरनिराळ्या वर्षांची मानीत आलो. एका वर्षी पाऊस फार झाला, दुसऱ्या वर्षी झाला नाही, असे आपले स्मरण सांगते. एकाच जिल्ह्याच्या एकाच महिन्यात दोन्ही संकटे शेजारी-शेजारी उभी राहिली, तेव्हा हे स्मरण अपुरे ठरले. त्यानंतरच्या वर्षांनी तर ते आणखी अपुरे ठरविले आहे. सातारा-सांगलीच्या शेतीचे आजचे दुखणे कमी किंवा जास्त पावसापुरते मर्यादित नाही. ज्या वेळापत्रकावर येथील पिके, धरणे, विमा आणि शासकीय मदत उभी आहे, ते वेळापत्रकच निसर्गाने मोडले आहे. आपली व्यवस्था मात्र जुन्या पानावरच अडली आहे.

एक खोरे, तीन प्रदेश

सातारा आणि सांगली हे मूळचे एकाच जिल्ह्याचे भाग. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. प्रशासनाच्या दृष्टीने जिल्हे दोन असले, तरी पावसाच्या दृष्टीने येथे तीन प्रदेश आहेत.

पश्चिमेला सह्याद्री आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे या भिंतीला अडून वर चढतात, थंड होतात आणि आपला भार येथेच रिता करतात. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. डोंगर ओलांडून खाली उतरणारे वारे कोरडे होत जातात. त्यामुळे महाबळेश्वरपासून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या दहिवडीला त्याचा जेमतेम दहावा हिस्सा मिळतो. माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हा सगळा पर्जन्यछायेचा टापू होय. या दोहोंच्या मध्ये कऱ्हाडपासून मिरजेपर्यंतचा कृष्णाकाठ आहे. तेथे काळी कसदार जमीन आहे, ऊस आणि हळद आहे, साखर कारखाने आहेत. पाऊस मध्यम असला तरी कोयना, धोम, कण्हेर, वारणा या धरणांचे पाणी आहे.

या तीन प्रदेशांतील माणसाने आपापल्या आकाशाशी करार केलेला होता. डोंगरात भात आणि नाचणी, नदीकाठी ऊस, पूर्वेला बाजरी, ज्वारी, मेंढरे आणि खिलार बैल. जेथे हा करारही पोट भरीत नसे तेथे माणसे बाहेर पडत. खानापूर-आटपाडीचे गलाई कारागीर सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी भारतभर पोहोचले, पाटण आणि माणची माणसे मुंबईच्या गोद्या आणि बाजारपेठांत माथाडी झाली. दुष्काळ नवा नव्हता. तो कधी आणि कसा येतो हे मात्र ठाऊक होते.

नक्षत्रांचा भरवसा

येथील शेतकऱ्याचे पंचांग नक्षत्रांचे. मृगावर बाजरी पेरावयाची, उत्तरा आणि हस्ताच्या ओलीवर रब्बीची ज्वारी. माणदेशात हस्ताच्या पावसाला 'हत्ती' म्हणतात. तो सोंड उचलून बरसला की ज्वारीची चिंता मिटली. पूर्वेकडील तालुक्यांची सारी भिस्त या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसावर असते, कारण नैर्ऋत्य वाऱ्यांचा जोर ओसरल्यावर परतीच्या वाटेवरचा पाऊसच त्यांच्या पदरात पडतो.

हे पंचांग सरकत असल्याची नोंद आता सरकारी दप्तरातही झाली आहे. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या आगमनाच्या आणि परतीच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या. वायव्य भारतातून पाऊस माघारी फिरण्यास प्रारंभ होण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. मुंबईतून तो परतण्याची तारीख ८ ऑक्टोबर झाली. पावसाच्या स्वरूपातही पालट झाला आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या विस्तीर्ण पट्ट्यात अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून २०१७ मध्ये पुढे आले. तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारे वारे अधिक बाष्प आणतात, दीर्घ खंड पडतो आणि नंतर महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे दहिवडीच्या वर्षाच्या पावसाइतका, किंवा त्याहूनही अधिक. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडींखाली घरे आणि माणसे गाडली गेली. भातखाचरांवर आलेले दगडगोटे आणि माती उपसणे हे एका हंगामाचे काम नव्हते.

या अस्थिरतेची सर्वांत सूक्ष्म झळ द्राक्षबागेला बसते. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, खानापूर हा द्राक्षांचा आणि बेदाण्याचा प्रदेश. वाचकांपैकी ज्यांनी बाग जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर नव्या काड्या वाढतात, आणि पुढील दीड-दोन महिन्यांत त्या काडीवरील डोळ्यांत घड आकार घेतो. शेतकरी याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या या घडासाठी मे महिन्याचे कडक ऊन लागते. ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी झाली की तो घड बाहेर पडतो. त्या वेळी हवा कोरडी हवी, नाहीतर फुलोऱ्यात दावण्या पडतो, घड कुजतात. पुढे मणी भरताना पाऊस झाला तर मणी तडकतात. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेडवर बेदाणा वाळत असताना पाऊस आला तर बेदाणा काळा पडतो आणि भाव निम्म्यावर येतो. थोडक्यात, वर्षाचे बहुतेक महिने ढगांनी दूर राहावे एवढीच या पिकाची अपेक्षा असते.

ती अपेक्षा गेल्या काही वर्षांत पुनःपुन्हा भंगली. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस लांबला आणि अरबी समुद्रात 'क्यार' व 'महा' ही चक्रीवादळे एकामागोमाग उठली. डिसेंबर २०२१च्या पहिल्या दोन दिवसांत पश्चिम महाराष्ट्रभर अवेळी पाऊस कोसळला आणि तयार होत आलेल्या बागा हातच्या गेल्या. मे २०२५ मध्ये तर उन्हाळाच अर्ध्यावर संपला. मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि दोन दिवसांत मुंबईत पोहोचला. माण-फलटणसारख्या अवर्षणग्रस्त भागात मेअखेरीस ओढे वाहिले. गावोगाव आनंद झाला आणि तो स्वाभाविकही होता. परंतु ज्या आठवड्यांत द्राक्षाच्या डोळ्यांत घड घडावयाचा त्याच आठवड्यांत आकाश झाकोळले होते. फळ छाटणीनंतर अनेक बागांत घडांऐवजी वांझ फुटी निघाल्या. ज्वारी-बाजरीच्या शेतकऱ्याला वरदान वाटणारा पाऊस शेजारच्या बांधावर कर्ज ठेवून गेला.

येथे व्यवस्थेची पहिली त्रुटी दिसते. हवामानाधारित फळपीक विम्याचे संरक्षण प्रामुख्याने फळ छाटणीनंतरचा अवेळी पाऊस, थंडी आणि गारपीट यांचा विचार करून बेतलेले आहे. मे महिन्यात हरवलेले ऊन त्याच्या व्याख्येत बसत नाही. नुकसान झाले ते मेमध्ये, दिसले ते ऑक्टोबरनंतर. विम्याच्या कागदावर मात्र ते घडलेच नाही.

दुष्काळाचा नकाशा

दुसरी त्रुटी २०२३ साली उघड झाली. त्या वर्षी प्रशांत महासागरात एल निनो होता आणि देशाच्या पातळीवर ऑगस्ट महिना १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. ३१ ऑक्टोबर रोजी राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. या यादीत सातारा जिल्ह्यातील वाई आणि खंडाळा, तर सांगलीतील शिराळा, कडेगाव, खानापूर आणि मिरज हे तालुके होते. माण, खटाव, आटपाडी, जत यांची नावे नव्हती.

पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या नावापुढे 'दुष्काळी' हे विशेषण लागते ते तालुके बाहेर आणि चांदोलीच्या पायथ्याचा शिराळा आत, हे पाहून लोक संतापले. तथापि संतापाच्या पलीकडे जाऊन दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतील. एक तर वाई-शिराळ्याचा दुष्काळ खोटा नव्हता. कोयना धरणही त्या वर्षी पूर्ण भरले नाही. जो प्रदेश आजवर पाण्याचा दाता होता तोच आता याचक होऊ लागला आहे, आणि त्याला कोरड्या वर्षात जगण्याची सवय नाही. दुसरे असे की, दुष्काळ मोजण्याची शासकीय पद्धत तालुक्याच्या पावसाची तुलना त्याच्याच सरासरीशी करते आणि त्याला उपग्रहाने टिपलेली पिकांची व ओलाव्याची स्थिती जोडते. जेथे मुळातच पाऊस कमी, तेथे दोन चांगल्या सरींनी सरासरी सावरते. त्या सरी पेरणीच्या वेळी पडल्या की पीक करपल्यावर, हे सरासरी सांगत नाही. पुढे नोव्हेंबरमध्ये राज्यातील एक हजारांहून अधिक महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करावी लागली. तालुका हे माप मोठे पडते, याची ती कबुलीच होती.

पाणी आले, चिंता बदलली

पूर्वेकडील भागाचे चित्र अलीकडे पुष्कळ पालटले आहे, हे मान्य करणे न्यायाचे होईल. कृष्णा पाणीवाटप लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, महाराष्ट्राच्या वाट्याला दिलेले पाणी २००० सालापर्यंत वापरात आणण्याच्या निकडीतून १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जतपर्यंत नेले. साताऱ्यात उरमोडी आणि जिहे-कठापूर योजनांमुळे माण-खटावला पाणी दिसले. विजेच्या देयकातील ८१ टक्के भार शासनाने उचलून १९ टक्के शेतकऱ्यांवर ठेवल्याने योजना चालू राहिल्या. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ खडी फोडून काढला, त्यांच्या नातवंडांच्या शिवारात आज डाळिंब, द्राक्ष आणि ऊस उभा आहे.

आणि तरीही सगळ्यांना पाणी मिळाले असे नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी गेले, तेव्हा देशभर त्याचे कौतुक झाले. त्याच सांगली जिल्ह्यातील जतच्या वाड्यावस्त्यांवर टँकरची वाट पाहणे चालू होते. पाण्यावाचून त्रासलेल्या जत तालुक्यातील सुमारे चाळीस गावांनी एके काळी कर्नाटकात जाण्याची भाषा केली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी तो विषय पुन्हा उकरून काढला, तेव्हा विस्तारित म्हैसाळ योजनेला गती आली. तहानेपुढे भाषा आणि सीमा या अभिमानाच्या गोष्टीही दुय्यम ठरतात, हे या प्रसंगाने दाखविले.

परंतु या योजनांनी एक नवी जोखीम आणली आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पूर्वी माणचा दुष्काळ माणच्या आकाशावर अवलंबून होता. आता पूर्वेचा ऊस आणि पूर्वेची बाग सह्याद्रीत पडणाऱ्या पावसावर अवलंबून आहे. महाबळेश्वर आणि कोयना खोऱ्यात पाऊस कमी झाला तर डोंगर, नदीकाठ आणि माळ हे तिन्ही प्रदेश एकाच वेळी अडचणीत येतात. २०२३च्या अखेरीस नेमके हेच घडले. कृष्णेचे पात्र सांगलीजवळ कोरडे पडू लागले आणि कोयनेतून किती पाणी सोडावे यावरून एकाच खोऱ्यातील दोन जिल्हे एकमेकांसमोर उभे ठाकले. त्याच कोयनेतून वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूटपर्यंत पाणी पश्चिमेकडे वळविण्याची मुभा लवादाने दिलेली आहे, हेही विसरता येत नाही. अशा परिस्थितीत माळावर येणारे प्रत्येक आवर्तन उसाकडे वळत राहिले, तर पहिल्या कोरड्या वर्षी कर्जबाजारी होण्याची तयारी आपण आताच करून ठेवीत आहोत.

नदीकाठची कहाणी याच्या उलट दिशेने जाते, पण शेवट तोच. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांनी वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांतील ऊस आठवडा-आठवडा पाण्याखाली ठेवला. शेंड्यात पाणी शिरले की ऊस कुजतो. तोडणीला आला तरी उतारा देत नाही. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठविण्याची जमिनीखालची पेवे होती, पिढ्यान्‌पिढ्या जपलेली. २००५ च्या पुराने त्या पेवांत पाणी शिरले आणि एका जुन्या, शहाण्या पद्धतीचा कणाच मोडला. २०१९ नंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने नदीपात्रातील अतिक्रमणे आणि अडथळे यांवर बोट ठेवले. अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे पूर येतो हे समितीने मान्य केले नाही. सांगली-कोल्हापुरातील अनेक जाणकारांना हा निष्कर्ष पटलेला नाही. अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याचे कर्नाटकने ठरविल्यापासून हा वाद अधिक तीव्र झाला आहे. वाद चालावा, परंतु त्याच्या आडोशाने आपल्याच पूररेषेतील बांधकामे आणि बुजविलेले ओढे-नाले सुरक्षित राहू नयेत.

भरडला जातो तो कोण?

हवामानाचा फटका सर्वांना बसतो, हे विधान अर्धेच खरे आहे. बागायतदाराचे नुकसान मोठे असते, परंतु त्याच्याकडे सातबारा असतो, सोसायटीत पत असते. दुसऱ्याची जमीन वाट्याने किंवा खंडाने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. पंचनामा मालकाच्या नावाने होतो, मदत त्याच्या खात्यात जाते आणि बियाणे-खताची उधारी मात्र कसणाऱ्याच्या डोक्यावर राहते. बाग गेली की छाटणी, विरळणी आणि काढणीची मजुरी बुडते. त्या मजुरीचा पंचनामा कोठेच होत नाही. ती मजुरी बहुतांशी स्त्रियांची असते. रानोमाळ हिंडणाऱ्या मेंढपाळांचे तर नुकसान मोजावयाचे कोणत्या गावात, हाच प्रश्न पडतो. डिसेंबर २०२१ च्या त्या अवेळी पावसात आणि थंडीत पुणे-नगर भागात शेकडो मेंढ्या उघड्यावर दगावल्या.

राज्यातील एक रुपयात पीकविमा देणारी योजना २०२३ मध्ये आली आणि गैरप्रकारांच्या तक्रारींनंतर २०२५ मध्ये बंद झाली. शेतकऱ्याने हप्ता भरावा यात गैर काही नाही. मात्र भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगातील सरासरी उत्पन्नावर ठरू लागली, तर मंडळाच्या सरासरीत एका वस्तीचे उद्ध्वस्त शिवार पुन्हा हरवेल. गैरप्रकार करणाऱ्यांची शिक्षा प्रामाणिक माणसाने का भोगावी?

वारसा विसरू नये

या प्रश्नांना उत्तरे नाहीत असे म्हणणे म्हणजे या भूमीचा इतिहास विसरणे होय. महाराष्ट्राने देशाला दिलेल्या रोजगार हमी योजनेचे बीज वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूरच्या प्रयोगातून रुजविले. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी-तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी १९८०च्या दशकात बळीराजा स्मृती धरण उभारले आणि पाण्यात भूमिहीनांचाही वाटा असावा, असा आग्रह धरला. आटपाडीच्या पाणी परिषदांतून नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समन्यायी पाणीवाटपाचा विचार राज्यापुढे मांडला. कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने २०१६ मध्ये श्रमदानाने डोंगरउतार बांधून काढले आणि पहिल्या वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळविला. दुष्काळावरची उत्तरे येथील माणसांनी मुंबईची वाट न पाहता शोधली होती.

आज त्याच जिद्दीने काही गोष्टी मागाव्या लागतील आणि काही स्वतः कराव्या लागतील. दुष्काळ आणि अतिवृष्टी यांचे मोजमाप मंडळाच्या पातळीवर आणि पिकाच्या अवस्थेनुसार व्हावे. केवळ एकूण मिलिमीटर मोजू नयेत. फळपीक विम्यात मे-जूनमधील घडनिर्मितीच्या काळाचा समावेश व्हावा. धरण भरण्याचे वेळापत्रक जुन्या सरासरीऐवजी ताज्या अंदाजांवर आधारलेले असावे आणि ते लोकांना आधी कळावे. पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळविण्याच्या मोठ्या योजनांची चर्चा आहे. पूर मात्र आठ-दहा दिवसांचा असतो आणि पंपांची शक्ती मर्यादित. म्हणून त्या दिवसांत उचललेले पाणी साठविण्यासाठी राजेवाडी, नेर, मायणी यांसारख्या ब्रिटिशकालीन तलावांतील गाळ काढणे, लहान तलाव दुरुस्त ठेवणे हे कमी झगमगाटाचे काम अगोदर व्हावयास हवे. कसणाऱ्याची नोंद, मग तो मालक असो वा नसो, ग्रामसभेने करावी आणि मदतीसाठी ती ग्राह्य धरली जावी.

आपल्या बाजूने प्रत्येक गावाने दिवाळीच्या आत पाण्याचा हिशेब मांडला पाहिजे: तलावात किती, विहिरीत किती, आवर्तन किती मिळेल आणि त्यात कोणते पीक बसते. हा हिशेब कटू असेल. उसाचे क्षेत्र थोडे आवरा, ज्वारी-बाजरी आणि चाऱ्याला जागा ठेवा, असे तो सांगेल. शेजाऱ्याच्या विहिरीचा विचार केल्याशिवाय आपली कूपनलिका खोल नेऊ नका, असेही सांगेल.

ऑगस्ट २०१९च्या त्या दोन छावण्या पुन्हा डोळ्यांपुढे येतात. एकीत पाण्याने हाकललेली माणसे, दुसरीत पाण्यासाठी आसुसलेली जनावरे. दोन्ही छावण्यांवर पडणारा पाऊस आणि न पडणारा पाऊस एकाच सह्याद्रीवरून आलेला होता. आकाशाचे वेळापत्रक आपल्या हाती नाही. परंतु डोंगर, नदीकाठ आणि माळ यांनी एकमेकांकडे खोऱ्यातील शेजारी म्हणून पाहावयाचे की पाण्यातील वाटेकरी म्हणून, हे ठरविणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. पुढचे कोरडे वर्ष आणि पुढचा पूर यांची तारीख कोणी सांगू शकत नाही. तेव्हा हा निर्णय त्यांच्या आधीच झालेला असावा.